हार्डवेअरच्या दुकानातला रॉड आणि ०.०००४ मिलिमीटरची थाप

रविवारी सकाळी भाचा ऐरोलीहून आला तो खांद्यावर मीटर-मीटरचे तीन थ्रेडेड रॉड टाकून. एम८, म्हणजे ८ मिमी जाडीचे, झिंक मारलेले. फॉल्स सीलिंग टांगतात ना, तेच. "मामा, प्लायवूड कापायचा सीएनसी राउटर बनवतोय, लीडस्क्रू घेऊन आलो." सीएनसी राउटर म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कापणारं मशीन, आणि लीडस्क्रू म्हणजे त्याचं टेबल सरकवणारा स्क्रू. ह्याला लीडस्क्रू म्हणतात असं कुणी सांगितलं, विचारलं तर त्याने मोबाइल पुढे केला. तोच मेसेज. महिनाभरात मला चार ग्रुपवरून आलाय. वागळे इस्टेटमधल्या एका टर्नरनेही पुढे ढकललाय, त्याला तरी कळायला हवं होतं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: स्क्रू तो स्क्रू, महागडे घेऊ नका. एम८ रॉडची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी, मोटरचे फेरीला ३२०० मायक्रोस्टेप (मोटरच्या एकेका टप्प्याचे बारीक तुकडे), म्हणजे अचूकता ०.०००४ मिमी, 'बॉलस्क्रूपेक्षा भारी' (बॉलस्क्रू म्हणजे नटात गोळ्या फिरतात तो महागडा स्क्रू). बॅकलॅश, म्हणजे नट आणि स्क्रूमधला ढिलेपणा, सॉफ्टवेअरमधून घालवता येतो. बेअरिंग नकोत, मोटरला स्क्रू जोडणारा कपलर पुरे. आणि पैसे उरलेच तर झेडला, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या अक्षाला, चार स्टार्टचा (चार समांतर आट्यांचा) टी८, म्हणजे ८ मिमीचा लीडस्क्रू, लावा, झपझप वर-खाली होतो.

आधी त्या ०.०००४ कडे बघू, कारण पोरं भुलतात ती ह्याच आकड्याला. भागाकार बरोबर आहे. पण तेवढाच. शिंप्याच्या टेपवर मायक्रॉनच्या रेघा मारल्या म्हणून त्याचा मायक्रोमीटर होत नाही. रॉडची प्रत्येक पिच नेमकी १.२५ आहे असं धरून हा हिशोब केलाय. कशावरून? तो रॉड वजन पेलायला बनवलाय, नट घट्ट बसला की त्याचं काम संपलं. हायविन ह्या स्क्रू बनवणाऱ्या कंपनीचा बॉलस्क्रूचा कॅटलॉग नेटवर फुकट मिळतो, त्यातलं अचूकतेचं कोष्टक उघडून बघा. सी७ ग्रेड, म्हणजे आपल्यासारखे हौशी लोक सहसा घेतात तो रोल केलेला स्क्रू, त्याला ३०० मिमी लांबीत ०.०५ मिमीपर्यंत चूक चालते. सी१० ला ०.२१. स्क्रू बनवणं हाच ज्यांचा धंदा, ते ०.०५ म्हणतात आणि ह्यांना छत टांगायच्या रॉडवर त्याच्या सव्वाशे पट बारीक काम करायचंय!

मायक्रोस्टेपचंही तेच. एका पूर्ण स्टेपचे १६ तुकडे केले की एका तुकड्यामागे मोटरचा जोर पूर्ण टॉर्कच्या १० टक्क्यांच्या आसपास उरतो. एम८ चे आटे ६० अंशांचे, नट त्यांत पाचरीसारखा रुततो. तेवढ्या जोराने तो हलतच नाही. तीन-चार तुकडे साठतात आणि मग एकदम उडी मारतो. लीडस्क्रूचे ट्रॅपेझॉइडल आटे ३० अंशांचे असतात ते काय शोभेसाठी?

भाच्याला पटेना, म्हणून एक रॉड टीपॉयच्या काचेवर लोळवला. मधोमध काचेखालचा पेपर वाचता येईल एवढी फट. मग नट चढवून डायल गेज लावला, पुढे-मागे ढकलून बघितलं, ०.३ मिमी प्ले, म्हणजे तोच ढिलेपणा. नवाकोरा नट, अजून एक पाटी कापलेली नाही.

आणि बारीक पिचची खरी शिक्षा वेगात मिळते. मिनिटाला ३००० मिमी फीड (सरकण्याचा वेग) हवा तर हा रॉड २४०० आरपीएमने फिरवावा लागेल. स्टेपर मोटरचा दम त्याच्या कितीतरी आधी संपतो. त्याच कॅटलॉगात क्रिटिकल स्पीडचं सूत्र आहे. दोन्ही टोकांना बेअरिंग असलेल्या मीटरभर एम८ रॉडला ते साधारण ६०० आरपीएमपर्यंतच परवानगी देतं, पुढे रॉड पोरींच्या उड्यांच्या दोरीसारखा फिरतो. म्हणजे फीड ७५० मिमी. शिवाय आर्डुइनो उनो बोर्डवरचा जीआरबीएल, म्हणजे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, सेकंदाला ३०,००० पल्सच्या आसपास थकतो आणि इथे एका मिलिमीटरला २५६० पल्स लागतात, तोही हिशोब ७०० वरच येतो. एवढ्या सावकाश राउटर सरकवला की बिट कापत नाही, घासतं. प्लायवूडच्या कडा काळ्या पडतात.

एक मान्य करतो, नाइलाजाने. रेपरॅप ह्या घरी बनवायच्या सुरुवातीच्या थ्रीडी प्रिंटरांत झेडला एम८ रॉडच असायचे आणि ते चालायचे. पण तिथे वजन सतत खालीच दाबतं, नट आट्याच्या एकाच अंगाला टेकलेला राहतो, प्ले दिसतच नाही. राउटरचं बिट टेबलाला दोन्हीकडे ओढतं.

बॅकलॅश सॉफ्टवेअरने? मूळ जीआरबीएलमध्ये ती सोयच नाही. माक३ आणि लिनक्ससीएनसी ह्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण क्लाइंब कटला (जॉब सरकतो त्याच दिशेने बिटाचे दात फिरतात तेव्हा) बिटाने टेबल खेचलं की सॉफ्टवेअरला कळणार कसं? बेअरिंगबद्दल काय बोलायचं. सर्पिल चिरांचा तो अॅल्युमिनियमचा कपलर लांबीच्या दिशेने स्प्रिंगच असतो, त्याच्या भरवशावर स्क्रू पुढे-मागे हलणारच.

झेडचा सल्ला मात्र हात कापणारा आहे. चार स्टार्टच्या टी८ ची पिच २, पण लीड, म्हणजे एका फेरीत नट सरकतो ते अंतर, ८ मिमी. आट्याचा चढ जवळपास २० अंश, म्हणजे घसरगुंडीच. जीआरबीएलमध्ये $1 ह्या सेटिंगचा आकडा मुळात २५ असतो, मशीन थांबल्यावर २५ मिलिसेकंदांत मोटर सुटते, आणि राउटरचं धूड आपल्या वजनाने खाली येतं. त्याच वेळी तुमची बोटं बिट बदलत असतात. आकडा २५५ केलात तर मोटर धरून ठेवते, पण पहिल्या पावसात लाइट गेली की काय? बॉलस्क्रू तर ह्याहून सहज उलटा फिरतो. झेडला एका स्टार्टचा, २ मिमी लीडचा घ्या. चढ ५ अंश, जागेवर थांबतो.

भाच्याचं मशीन ४०० बाय ३०० चं. त्याला एक्स-वायला, म्हणजे आडव्या अक्षांना, चार स्टार्टचा टी८, स्प्रिंगवाला पीओएम प्लास्टिकचा नट आणि टोकांना बेअरिंग पुरतील. प्लायवूडला पूर्ण स्टेपचे ०.०४ मिमी खूप झाले. पुढे अॅल्युमिनियम कापायचं मनात असेल तर आत्ताच १६०५ बॉलस्क्रू (१६ मिमी जाड, ५ मिमी लीड), बीके१२-बीएफ१२ बेअरिंग ब्लॉकसकट. दुकानात नुसतं 'टी८' म्हणू नका. लीड विचारा, एक फेरी फिरवून नट किती सरकतो ते व्हर्नियरने मोजा, नि स्क्रू काउंटरच्या काचेवर लोळवून घ्या. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

शनिवारी आम्ही दोघं मुंबईतल्या नागदेवीच्या बाजाराला जाणार आहोत. ते तीन रॉड हार्डवेअरवाला परत घेत नाही म्हणाला, म्हणून एकाचे तुकडे करून जॉब धरायला क्लॅम्पचे स्टड केलेत. उरलेल्या दोनांवर ताईने बाल्कनीत कुंड्या टांगल्यात.