खाणीचा खड्डा म्हणजे पाणथळ जागा नव्हे

गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारा चिरेखाणीचा (जांभ्या दगडाचे चिरे काढणाऱ्या खाणीचा) मेसेज माझ्या मामांपर्यंत पोचला. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात खाण शेजारच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट कातळावर, वाढवायची आहे आणि त्या कातळात मामांचाही हिस्सा आहे. मेसेज वाचून ते संमती द्यायला निघाले, म्हणून हे लिहितोय. मेसेजचं म्हणणं असं: सडा पडीक आहे; सर्वेक्षणात एकही दुर्मीळ वनस्पती सापडली नाही; खाणीत पाणी साठून उलट नवी पाणथळ जागा तयार होते; पाच हेक्टरच्या आतल्या खाणीला पर्यावरण परवानगी लागत नाही; आणि शेवटी माती टाकून कलमं लावता येतात.

पाणथळीचा मुद्दा आधी घेतो, कारण इतकी चुकीची गोष्ट इतक्या ठामपणे सांगितलेली मी वाचलेली नाही. जुलैत सड्यावर जाऊन वाकून बघा. कातळाच्या खोलगट भागात घोटाभर पाणी असतं, तळाला बोटभर माती. त्या निकस मातीत गेंद फुलतो, सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती किडे पकडून आपली भूक भागवतात. पावसाळा सरला की डबकं आटतं, आणि बिया नि कंद त्याच मातीत पुढच्या पावसापर्यंत थांबतात. हे आटणं महत्त्वाचं आहे. बारमाही पाणी नाही म्हणून मोठे मासे नाहीत, म्हणून बेडकांची पिल्लं वाचतात. २००९ साली शास्त्राला नव्याने कळलेला, आज अतिसंकटग्रस्त असलेला आंबोली टोड अंडी घालतो ती कातळावरच्या अशाच उथळ पाण्यात.

खाणीत सगळ्यात आधी जेसीबीने खरवडली जाते ती हीच बोटभर माती. मग उभ्या भिंतींचा, पुरुषभर खोल खड्डा उरतो. त्याला उथळ काठच नसतो. जनावर पडलं तर वर येत नाही. शिवाय सच्छिद्र जांभ्यात मुरलेलं पाणी खालच्या चिकणमातीवर अडून उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. वरचा जांभाच कापून नेला, तर खालच्या वाडीच्या विहिरीला पाणी कुठून यायचं?

आता सर्वेक्षण. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने खाण प्रकल्पांसाठी ठरवून दिलेले प्रमाणित ‘टर्म्स ऑफ रेफरन्स’, म्हणजे पर्यावरण अहवालात काय आणि कसं तपासायचं याच्या अटी, वाचा. हवा, पाणी, आवाज, माती, वनस्पती आणि प्राणी यांची माहिती एका हंगामाची घ्यायची, आणि तो हंगाम पावसाळा सोडून. धूळ मोजायला हे योग्य आहे, पावसात धूळ बसते. पण सड्यावरच्या बहुतेक वनस्पती दिसतातच पावसाळ्यात. कोकणापुरती मर्यादित असलेली दीपकाडी पावसाच्या सुरुवातीला फुलते. मार्चमध्ये तिथे करडं गवत आणि तापलेला दगड, एवढंच दिसणार. मार्चच्या यादीत दुर्मीळ वनस्पती नाही यावरून ती सड्यावर नाही असं ठरत नाही. प्राण्यांचंही तेच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून १९६३ मध्ये नोंदलेली पांढऱ्या पट्ट्यांची पाल सुट्या दगडांखाली राहते. दगड उचलून पाहिल्याशिवाय ती यादीत येणार कशी?

सातबाऱ्यावर सडा पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, आहे हे खरं. ती लागवडीची आणि शेतसाऱ्याची नोंद आहे, तिथे काय जगतं याची नाही. आणि चिरा लागतोच, हेही मान्य करतो; आमचंही घर चिऱ्याचंच आहे. त्यावरून प्रत्येक सडा कापायला मोकळा ठरत नाही.

पाच हेक्टरची सवलत तर सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ लाच मोडून काढली. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात मोठ्या क्षेत्राचे पाच हेक्टरच्या आतले तुकडे पाडले होते. न्यायालयाने गौण खनिजाच्या (चिरा, वाळू यांसारख्या) छोट्या खाणपट्ट्यांनाही, त्यांच्या नूतनीकरणालाही, पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. कलमांचं म्हणाल, तर लाल माती ओतून आंबा येईलही. दीपकाडी आणि ती पाल परत येणार नाहीत.

मामा, सही करण्याआधी अहवालाची प्रत मागा आणि सर्वेक्षणाच्या तारखा बघा. जून ते सप्टेंबरमधली एकही नसेल, तर पावसाळ्यात पुन्हा पाहणी झाल्याशिवाय संमती नाही, असा ठराव ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.