‘वर लावायचा स्टिकर’ म्हणणाऱ्या साहेबांना उत्तर

कमेंटच्या चौकटीत मावेना म्हणून वेगळं लिहितोय. मागची पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, मी लिहिलं होतं की फोटोची फिल्म बाजारातनं गेली पण तिचं प्लास्टिक काय गेलं नाही, ते आपल्या टीव्ही-मोबाईलच्या स्क्रीनमध्ये जाऊन बसलंय. त्यावर पुण्याच्या एका साहेबांची कमेंट आली. नाव नाही, नुसतं ‘एक अभियंता’. कमेंट अशी (गुडविन म्हणजे लवचिक फोटो फिल्मचं पेटंट घेणारा, पोलरायझर म्हणजे स्क्रीनमधली उजेड एका दिशेला लावणारी शीट, ओएलईडी म्हणजे स्वतःच उजेड देणारी स्क्रीन):

“लेख रंजक पण वरवरचा. गुडविनच्या पेटंटचं साल अर्धवट दिलंय. संदर्भ एकही नाही. ओएलईडी आल्यावर पोलरायझर इतिहासजमा झाला हे लेखकाला माहीत नसावं. मुळात डिस्प्लेमधलं खरं संशोधन लिक्विड क्रिस्टल आणि ट्रान्झिस्टरचं, फिल्म म्हणजे शेवटी वर लावायचा स्टिकर. सांगलीत टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांनी दुरुस्तीवर लिहावं, शोधांवर लिहायला अभ्यास लागतो. फॉन्टही बारीक आहे.”

साहेब, पहिलं मान्य करून टाकतो म्हणजे तुमचं समाधान होईल. गुडविनचं मी १८९८ एवढंच साल दिलं होतं. ते पेटंट मंजूर झाल्याचं. अर्ज त्यानं २ मे १८८७ ला केला होता, आणि मधल्या काळात १८८९ ला ईस्टमनच्या, म्हणजे कोडॅकवाल्या, कंपनीनं आपली नायट्रेटची (सेल्युलोज नायट्रेट, लगेच पेट घेणारं प्लास्टिक) पारदर्शक रोल फिल्म विकायला सुरुवात पण केली. दोन्ही सालं द्यायला पाहिजे होती, बरोबर आहे तुमचं. झालं?

आता मला काय खटकलं ते सांगतो. चूक दाखवली त्याचं काहीच नाही, चुका दाखवणारे लई येतात इथं आणि मी त्यांना धन्यवादच म्हणतो. पण “लेखकाला माहीत नसावं” ही काय भाषा झाली? मी इथंच आहे की, मलाच विचारायचं, बाबा तुला हे माहीत आहे का. मी मेल्यावर माझ्याबद्दल लिहिताय असं वाटलं वाचताना. आणि ‘दुरुस्ती करणाऱ्यांनी दुरुस्तीवर लिहावं’ हे तर घरात बोलताना सुद्धा माणूस जरा विचार करून बोलतो, तुम्ही चारचौघांत लिहून मोकळे झालात, ते पण नाव न लावता.

राहू दे. स्टिकरकडं येतो.

कधी दुकानात या. एक जुनं बत्तीस इंची पॅनल आहे माझ्याकडं, डोनर म्हणून, म्हणजे सुटे भाग काढायला ठेवलेलं. त्याच्या पुढच्या बाजूची पोलरायझर शीट मी काढून ठेवलीय. ती काढायची म्हणजे कोपऱ्यात ब्लेड घालून हळूहळू उचलत न्यायची, जोर केला की काच तडकते, आणि शीट निघाली तरी गोंद काचेवर राहतोच, तो पुसत बसायला लागतंय. तर त्या पॅनलला करंट द्या. सगळं चालू असतंय, तुमचं लिक्विड क्रिस्टल वळतंय, तुमचा ट्रान्झिस्टर चालू-बंद होतोय, चॅनेलवर बातम्या चालल्यात, आवाज येतोय आणि स्क्रीन कशी दिसती तर पांढरीफटक. ट्यूबलाईटसारखी. एक रेघ दिसत नाही. मग मी ती काढलेली शीट गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि म्हणतो डोळ्यापुढं धरा. बातम्या वाचणारी बाई दिसायला लागती. शीट हातात तशीच फिरवली की काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं होतंय. लहान पोरं तर सोडत नाहीत ती शीट. आता सांगा, चित्र कुठं तयार झालं? क्रिस्टल उजेडाची दिशा फिरवतो, बरोबर, पण फिरलेली दिशा आपल्या डोळ्याला कळतच नाही. मागची शीट उजेडाला एका दिशेला लावती, पुढची त्यातला कुठला सोडायचा नि कुठला अडवायचा ते ठरवती. ह्याला तुम्ही स्टिकर म्हणता. म्हणा.

आणि ही शीट काय कुणी बाजारातनं आणून चिकटवली नव्हती. १८५२ साली ब्रिस्टलच्या हेरापाथ नावाच्या डॉक्टरनं, क्विनाईन दिलेल्या कुत्र्याच्या मुतात आयोडीन पडल्यावर तयार झालेल्या हिरव्या स्फटिकांचा अभ्यास केला (हो, कुत्र्याच्या मुतात, शोध असे पण लागतात). त्या स्फटिकांना हा गुण होता, एकावर एक आडवे आले की उजेड बंद. पण ते इतके बारीक आणि ठिसूळ की मोठा स्फटिक वाढवता वाढवता लोकं थकली. पाऊणशे वर्षं गेली. मग एडविन लँड आला आणि त्यानं प्रश्नच उलटा केला, मोठा एक कशाला पाहिजे, कोट्यवधी बारीक घ्या आणि प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये सगळ्यांची तोंडं एका दिशेला करा. पेटंटचा अर्ज एप्रिल १९२९, आपला सांगलीचा आयर्विन पूल झाला ते साल. पोराला वीस पूर्ण नव्हती. हार्वर्ड सोडून आलेला, पदवी शेवटपर्यंत घेतली नाही, रात्री कोलंबिया विद्यापीठाच्या लॅबमध्ये गुपचूप शिरून प्रयोग करायचा. शोधांवर लिहायलाच अभ्यास लागतो म्हणता, त्यानं तर शोधच लावला!

पुढं १९३८ ला त्यानं स्फटिक पण काढून टाकले. पॉलीव्हिनाईल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, त्याची फिल्म गरम करून लांबीच्या कितीतरी पट ताणायची, ताणली की गुंतलेल्या केसांतनं फणी फिरवल्यासारखे आतले लांब लांब रेणू सगळे एका दिशेला होतात, आणि मग आयोडीन दिलं की ते त्या रेणूंच्या कडेकडेनं ओळीत बसतं. ताणलेल्या दिशेचा उजेड ते गिळतं, आडवा सोडतं. बस. आज तुमच्या घरातल्या एलसीडीमध्ये हीच आयडिया आहे, ताणलेलं पीव्हीए आणि आयोडीन, ऐंशीच्या वर वर्षं झाली. ट्रान्झिस्टर किती बदलले, मोजा.

आता ह्या पीव्हीएची एक खोड आहे. पाण्याला घाबरतं. हे मी पुस्तकात वाचायच्या आधी २०१९ च्या पुरात बघितलं. हरभट रोड, मारुती चौक सगळं पाण्यात, आणि पाणी उतरल्यावर माझ्याकडं टीव्हीची रांग. बोर्ड गेलेले तर होतेच पण ज्यांचे बोर्ड धुऊन वाळवून चालू झाले त्यांच्या स्क्रीनला कडेनं पांढरट पट्टा आलेला, आतनं आत सरकत गेलेला. लोकं म्हणायची पॅनल गेलं. पॅनल नव्हतं गेलं, कडेनं पाणी शिरून आयोडीन धुऊन निघालेलं. म्हणून तर पीव्हीएला दोन्ही बाजूंनी दुसऱ्या फिल्मचं पांघरूण लागतं, आणि ती दुसरी फिल्म म्हणजेच माझ्या पोस्टमधली फोटोची फिल्म, सेल्युलोज ट्रायअॅसिटेट. ट्रायअॅसिटेटच का, तर ती ताणून नाही बनवत, द्रावण करून स्टीलच्या गुळगुळीत पट्ट्यावर पसरतात आणि द्रावक उडवून लावतात, त्यामुळं तिच्यातनं जाताना उजेडाची दिशा बिघडत नाही. आणि कॉस्टिकनं पृष्ठभाग धुतला की पीव्हीएला नीट चिकटती. हे काम कुणाला येत होतं? फोटोच्या फिल्मवाल्यांना. फुजीची फोटो फिल्म २००० च्या आसपास सर्वांत जास्त खपली आणि मग धडाधड खाली आली, पण ते हीच ट्रायअॅसिटेट पोलरायझरवाल्यांना विकत राहिले आणि तगले. कोडॅकनं जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. (एवढ्यावरनं कोडॅक मूर्ख नि फुजी शहाणे असं मी म्हणत नाही, ते व्हॉट्सअपवाले म्हणतात.)

पुरावा पाहिजे तर नाकानं घ्या. एखाद्या जुन्या पॅनलची शीट उचलली की आंबूस वास येतो, व्हिनेगरचा. ट्रायअॅसिटेट कुजायला लागलं की अॅसेटिक अॅसिड सोडतं. सिनेमाच्या जुन्या रिळांच्या डब्यात येतो तोच वास, तोच रोग. एकच माल आहे साहेब.

आणि फोटोच्या मसाल्याखालची नुसती फिल्म म्हणून हसू नका, असल्याच जुन्या नायट्रेटच्या फिल्मनं माणसं मारलीत. मी हे बोलतोय कारण टीव्हीच्या आधी मी मिरजेला एका एक्स-रेवाल्याकडं डार्करूममध्ये होतो. लाल दिवा, हँगरला फिल्म, डेव्हलपर, पाणी, फिक्सर, परत पाणी, दोरीवर वाळत. बोटं पिवळी व्हायची. फिक्सरमध्ये चांदी उतरती म्हणून वापरलेला फिक्सर सुद्धा विकला जायचा, आणि जुने एक्स-रे किलोवर न्यायला माणूस यायचा. विटा-खानापूरकडच्या गलाईवाल्यांना, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांना, चांदीचं काय सांगायचं, सगळा देश फिरलेली माणसं ती. तर चांदी धुऊन काढली की खाली उरायची ती निळसर पॉलिएस्टरची शीट, न पेटणारी म्हणता येणार नाही पण भडकणारी नव्हे. त्याच्या आधी एक्स-रे नायट्रेटवर निघायचे, आणि १५ मे १९२९ ला अमेरिकेत क्लीव्हलँडच्या दवाखान्यात तळघरात ठेवलेल्या तसल्या फिल्म पेटल्या, विषारी धूर वर गेला आणि सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. फोटोचा मसाला नव्हता जळला. खालचं प्लास्टिक जळलं. लांब कशाला, पुण्यात २००३ च्या जानेवारीत नायट्रेटच्या रिळांना आग लागून आपला जुना सिनेमा गेला, तुमच्याच गावात. तुमच्या हिशोबानं तो पण स्टिकरच जळला म्हणायचा.

मला तेव्हा डार्करूममध्ये कुणी अभ्यास विचारला नाही. सगळं हातानं शिकलो आणि नंतर वाचत गेलो. इंग्रजीतली पेटंटं डिक्शनरी घेऊन वाचलीत, रात्री दुकान बंद करून. हे फुशारकी म्हणून सांगत नाही पण तुम्ही विषय काढला म्हणून सांगावं लागलं. तो गुडविन तरी कोण होता? नेवार्कच्या चर्चमधला पाद्री. पोरांना बायबलमधली चित्रं दाखवायची होती आणि काचेच्या प्लेटचा त्रास व्हायचा म्हणून फिल्मच्या मागं लागला. म्हणजे तुमच्या नियमानं त्यानं प्रवचनावरच बोलायला पाहिजे होतं. तो ३१ डिसेंबर १९०० ला वारला, आणि कोर्टात त्याची बाजू खरी ठरून ईस्टमन कोडॅकला पन्नास लाख डॉलर मोजावे लागले ते १९१४ मध्ये.

बाकीचं पटकन. ओएलईडीमध्ये पोलरायझर संपला हे तुम्ही कुठं वाचलं? बहुतेक ओएलईडी फोनवर तो आहे, खाली क्वार्टर वेव्ह फिल्म (उजेडाची दिशा बदलणारी) लावलेला, कारण आतल्या धातूवरनं बाहेरचा उजेड उलटा येतो आणि काळा रंग राखाडी दिसतो, तो उजेड अडवायला. २०२१ च्या सॅमसंगच्या फोल्ड थ्री फोनपासून काही मॉडेलांत काढलाय, ते मला माहीत आहे, “नसावं” नाही. तेवढ्या मॉडेलांवरनं इतिहासजमा होत नाही काही. आणि पॅनलच्या मागच्या फिल्मबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाही. पोलरायझर निम्म्याहून जास्त उजेड खातो, तो वाया जाणारा उजेड परत मागं पाठवून पुन्हा वापरणारी शेकडो पातळ थरांची फिल्म थ्रीएम कंपनीच्या लोकांनी बनवली, २००० साली ‘सायन्स’मध्ये पेपर आहे त्यांचा. उजेड समोर वळवणारी प्रिझम शीट वेगळीच. आमच्याकडं नवा पोरगा बॅकलाईट बदलून ती शीट उलटी बसवतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतंय, अंधारं दिसतंय म्हणून. नुसती उलटी बसली तर हे, आणि तुम्ही म्हणता संशोधन नाही त्यात.

लिक्विड क्रिस्टल आणि ट्रान्झिस्टर मोठे शोध आहेत, नाही कोण म्हणतंय, पण ती पोस्ट त्यांच्यावर नव्हती.

संदर्भ पाहिजेत ना, लँडचं अमेरिकन पेटंट १९१८८४८, गुडविनचं ६१०८६१. टाका गुगलवर आणि वाचा, डिक्शनरी लागली तर माझ्याकडं आहे. तुमची कमेंट काढणार नाही, आहे तशी राहू दे. इथं येऊन दुसऱ्या वाचकांनी पण तुम्हाला शिव्या घालायची गरज नाही, मी घातल्यात तेवढ्या बास.

फॉन्ट वाढवलाय. आता दिसतंय का बघा.