न्हाणीचं पाणी ठीक, कपड्याच्या साबणाचं जपून

घरातलं सांडपाणी बागेला वापरण्यावरच्या लेखात म्हटलंय की न्हाणीचं आणि कपड्याचं पाणी सरळ बागेत सोडा, पण एक गोष्ट राहिली. आम्ही दहिवडीकडचे, माण तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी माणसं, त्यामुळं पाणी वाया घालवणं जिवावर येतं, पण कपड्याच्या पावडरीत सोडियम असतं आणि ते साचून साचून माती दगडासारखी घट्ट होते, आमची जास्वंद तशीच गेली ओ! आता पहिलं फेसाचं पाणी गटारीला आणि नंतर कपडे खळबळून काढलेलं पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून कर्दळ, केळीला. साठवू नका, २४ तासांच्या आत वापरा, नाहीतर वास मारतं. मेथी-कोथिंबिरीला अजिबात नको, ती आपण भाकरीबरोबर कच्चीच खातो.