विधानसभेनं ठराव केला म्हणून सीमाप्रश्न संपत नाही

गेले चार दिवस बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. 'कर्नाटक विधानसभेनं ठराव केलाय, एक इंच जागा देणार नाही, म्हणजे प्रश्न कायद्यानं संपला. राज्याच्या परवानगीशिवाय हद्द बदलत नाही, बदलायची तर घटनादुरुस्ती, दोन तृतीयांश मतं.' शिकलेली माणसंसुद्धा हे पुढं पाठवतायत म्हणून लिहितोय, यातलं एकही वाक्य टिकत नाही.

ठराव म्हणजे सभागृहाचं मत, कायदा नव्हे. डिसेंबर 2022 मध्ये कर्नाटकानं ठराव केला, त्याच महिन्यात महाराष्ट्रानं सीमाभागातली 865 गावं आपल्यात घ्यायचा उलट ठराव केला, आणि हद्द होती तिथंच आहे, कारण हद्दीचा कायदा करायचा अधिकार कुठल्याच विधानसभेला नाही, तो फक्त संसदेला.

आता परवानगी. इथंच सगळे फसतात. घटनेच्या कलम 3 प्रमाणं असं बिल राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही, आणि त्याआधी ते त्या त्या राज्याच्या विधिमंडळाकडं मुदत घालून पाठवावं लागतं, पण मत सांगायला, मंजुरीला नव्हे. विधिमंडळानं नाही म्हटलं तरी संसद पुढं जाऊ शकते. आंध्रचं बघा, जानेवारी 2014 मध्ये तिथल्या विधानसभेनं तेलंगणाचं बिल फेटाळलं, फेब्रुवारीत दोन्ही सभागृहांनी ते पास केलं आणि 2 जूनला नवं राज्य झालंसुद्धा. आणि लांब कशाला जायचं, आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलो तेच मुळी संसदेच्या 1956 च्या कायद्यानं, त्याच कायद्यानं बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात ठेवला. चंदगडला पाहुणे नाहीत असं घर आमच्या गल्लीत सापडायचं नाही, म्हणून हे मला पुस्तकातलं वाटत नाही. त्याच कायद्यावरून बाबूलाल पराते खटला झाला, तिथं सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बिलात नंतर बदल केला तरी ते परत विधिमंडळाकडं पाठवायची गरज नाही.

दोन तृतीयांश तर कुठंच लागत नाही. कलम 4 मध्ये सरळ लिहिलंय, असा कायदा घटनादुरुस्ती धरायचा नाही. साधं बहुमत पुरतं.

पण आपल्यातलेही काही जण म्हणतात, दिल्लीनं मनात आणलं तर एका सहीत होईल, तेही चूक, आणि आपल्याच माणसांना खोटी आशा लावणं मला जास्त लागतं. राष्ट्रपती शिफारस करतात ती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं, मग लोकसभा, मग राज्यसभा, दोन्हीकडं मतं जमवावी लागतात. लोकसभेत कर्नाटकाचे 28 आणि महाराष्ट्राचे 48 खासदार, दोन्ही मिळून 76, साडेपाचशेच्या घरातल्या सभागृहात एवढ्यावर काही होत नाही, बाकीच्या राज्यांना पटवावंच लागतं.

राहिलं कोर्ट. महाराष्ट्राचा 2004 चा दावा कलम 131 खाली थेट सुप्रीम कोर्टात आहे, राज्याराज्यांतल्या भांडणाची ती जागा, आणि विधानसभेच्या ठरावानं तो दावा निकाली निघत नाही.