जुनी तलवार भंगारात गेलीच पाहिजे का?

नाशिकच्या आमच्या गेमिंग ग्रुपवर महिनाभर एक मेसेज फिरतोय: ‘नवं गिअर जुन्यापेक्षा भारी नसेल तर ऑनलाइन आरपीजी मरतो. बॅलन्स म्हणजे सगळे क्लास एकसारखे करणं. आणि नर्फ म्हणजे खेळाडूच्या मेहनतीवर पाणी.’ कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत सगळ्यांनी त्याला अंगठे दिलेत. मला तो मुळातच पटत नाही. नवख्यांसाठी: आरपीजी म्हणजे एक पात्र घेऊन त्याची ताकद वाढवत खेळायचा गेम, गिअर म्हणजे त्याची हत्यारं-चिलखत, क्लास म्हणजे पात्राचा प्रकार, नर्फ म्हणजे भारी ठरलेल्या गोष्टीची ताकद कमी करणं.

गिअरचं आधी. गिल्ड वॉर्स २ हा गेम २०१२ मध्ये आला तेव्हा लेव्हल कॅप (पात्राची कमाल पातळी) ८० होती, आजही ८०च आहे. त्याच वर्षी आलेलं असेंडेड नावाचं वरच्या दर्जाचं गिअर आजही चालतं. त्यावरचं लेजेंडरी गिअर वापरायला सोयीचं, पण ताकद तेवढीच. गेम मेला का? उलट वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट बघा. मोल्टन कोअर या मोहिमेत ४० जणांनी आठवडेच्या आठवडे घासून मिळवलेलं एपिक, म्हणजे उच्च दर्जाचं, गिअर २००७ च्या बर्निंग क्रुसेड या एक्स्पान्शनमध्ये (गेमला जोडलेल्या नव्या भागात) साध्या क्वेस्टच्या (कामगिरीच्या) हिरव्या, म्हणजे कमी दर्जाच्या, बक्षिसांपुढे मागे पडलं. पुढे ताकदीचे आकडे इतके फुगले की २०१४ मध्ये ते सरसकट कमी करावे लागले, आणि २०२० मध्ये १२० लेव्हलचा खेळाडू थेट ५० वर आणला गेला. वॉरक्राफ्ट टिकला, मान्य. पण फुगवलेलं त्यांनाच परत उतरवावं लागलं.

आणि लोक गेम सोडतात ते कशाने? आमच्यातला एक टँक (पुढे उभा राहून मार झेलणारा खेळाडू) अंबडला कंपनीत आहे. सेकंड शिफ्ट करून घरी यायचा, जेवण गरम करायचा आणि साडेबारापर्यंत लॉगिन व्हायचा. दर एक्स्पान्शनला पुन्हा पहिल्यापासून ग्राइंड, म्हणजे गिअरसाठी तेच तेच घासणं. दोनदा केलं, तिसऱ्यांदा नाही जमलं. नवीन काही नव्हतं म्हणून तो गेला नाही, गाठता येईना म्हणून गेला.

बॅलन्स म्हणजे सारखेपणा, हे तर सरळ चूक. प्रत्येक क्लासला पार्टीत, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटात, जागा मिळणं म्हणजे बॅलन्स. वॉरक्राफ्टच्या २०१९ च्या क्लासिक आवृत्तीत पॅलाडिन किंवा ड्रुइड हा क्लास घेऊन गेलात की बहुतेक ठिकाणी ‘हील कर’ (बाकीच्यांना बरं कर) एवढंच ऐकू यायचं. हा वेगळेपणा नव्हे, ही हकालपट्टी. सगळ्यांना तेच बफ (ताकद वाढवणारे फायदे) वाटत सुटलं तर क्लास बेचव होतात, ही तक्रार मात्र खरी आहे.

आता नर्फ, कारण मेसेजची खरी गोची इथे आहे. ओल्ड स्कूल रुनस्केपमधला टॉक्सिक ब्लोपाइप इतका भारी होता की नवीन रेंज्ड (लांबून मारायचं) हत्यार काढायचं तर ते त्याहून भारी काढावं लागणार. २०२१ मध्ये त्याची ताकद कमी केली, तेव्हा बाकीच्यांना जागा झाली. एकाला खाली आणायचं नाही म्हटलं की उरलेल्या सगळ्यांना वर न्यावं लागतं, आणि पॉवर क्रीप म्हणतात ते हेच. दिंडोरीला मामाच्या द्राक्षबागेत घडांची विरळणी करतात. सगळे घड ठेवले तर एकातही धड साखर भरत नाही. मेहनत वाया जाते म्हणून मामा कधी रडला नाही.

नर्फ घाईत, न सांगता, चुकीच्या क्लासवर होतात, हे मलाही झोंबलंय. मग नर्फ नीट करा म्हणून भांडा. नर्फच नको म्हणणारा पुढच्या एक्स्पान्शनला स्वतःचंच गिअर बाद करून घेतोय.

अंबडवाल्याला आम्ही गिल्ड वॉर्स २ मध्ये ओढलं. मध्ये आठ महिने त्याला जमलं नाही. परवा रात्री पावणेएकला तो आला, तेच जुनं चिलखत, तीच तलवार. पार्टीत एक जागा रिकामी होती, आम्ही त्याला सरळ आत घेतलं.