दोन टक्के नंतर, आधी नफा कसा झाला ते बघा

कॉलिन मेयर यांच्यावरचा लेख आवडला. कर आणि कंपन्या ताब्यात घेण्याचे व्यवहार अभ्यासणारा ऑक्सफर्डचा हा प्राध्यापक पुढे 'कंपनी असते कशासाठी' या प्रश्नाकडे वळला, हे मला फार मोलाचं वाटतं. लोकांचे आणि पृथ्वीचे प्रश्न नफा राखून सोडवा, असं ते म्हणतात. पण खरी मेख त्यांच्या या वाक्याच्या पुढच्या अर्ध्यात आहे: प्रश्न निर्माण करून नफा कमवू नका.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला लावायला सांगितले. चांगलंच झालं. पण तो नफा कसा आला, हे त्या टक्क्यांतून कळत नाही. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. पंचगंगा नदीत साखर कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी आलं की मासे तडफडत काठाला येतात. फौंड्रीतली, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातली, साच्यांसाठी वापरलेली काळी वाळू पुन्हा वापरात आणायचं तंत्र आहे, खर्चिक आहे. तो खर्च टाळून उरलेल्या पैशाला नफा म्हणायचं का?

आणि इथले बरेच साखर कारखाने सहकारी, म्हणजे सभासद शेतकरीच मालक. त्यामुळे वार्षिक सभेत उसाच्या दराइतक्याच जोरात सांडपाण्याचा हिशेबही विचारला पाहिजे. लेखकाने सहकारावर पुढचा लेख जरूर लिहावा.