गप्पीची पिलं: वाचवायची किती आणि द्यायची कोणाला?

परवा डिचोलीच्या बाजारात ओळखीची एक मुलगी भेटली. "ताई, गप्पी व्याली! पस्तीस पिलं मोजली, एकही आयशीला खाऊ दिलं नाही." तिचा चेहरा इतका फुललेला होता की मी तिथे काही बोलले नाही. इथे बोलते, कारण हे तिच्या एकटीपुरतं नाही.

गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पोहणारी पिलं देतात. गप्पीची मादी साधारण तीन-चार आठवड्यांनी पुन्हा विते. एकदा नराशी संग झाला की त्याचं बीज ती पोटात महिनोन् महिने साठवून ठेवते, म्हणून नर बाजूला काढला तरी पिलं होतच राहतात. दुकानातून एकटीच मादी आणली तरी बहुतेक वेळा ती पोटुशीच असते. पस्तीस पिलांतल्या निम्म्या माद्या धरा, त्या दोन-तीन महिन्यांत वयात येतात. पुढचा हिशेब तुम्हीच करा.

माझ्याकडून झालेली चूक सांगते. पाच वर्षांपूर्वी मी एका घरी चाळीसेक पिलं दिली. "फुकट देते, घेऊन जा" म्हटलं, एक प्रश्न विचारला नाही. गणेश चवथीला ती मंडळी मूळ घरी गेली आणि जाताना सगळे मासे मागच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडून गेली. "मोकळी झाली बिचारी," असं मला मायेने सांगितलं. त्या रात्री झोप लागली नाही. त्याच व्हाळात लहानपणी आम्ही डोक्यावर चांदीचा ठिपका असलेले इथलेच छोटे मासे तासन् तास बघत बसायचो. गप्पी मूळची दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाची आणि त्रिनिदादची. घाण पाण्यातही ती तगते, दुसऱ्यांची अंडी-पिलं खाते. एकदा व्हाळात पसरली की तिला परत काढता येत नाही.

यावर कोणीतरी म्हणतंच, "पण ती डास खाते ना?" डासांच्या अळ्या खाते, खरं आहे. आरोग्य खातं बंदिस्त टाक्यांत सोडतं, तो त्यांचा विषय. पण डोक्यावर ठिपका असलेले आपले मासेही अळ्या खातात. १९९० च्या दशकात गोव्यातच मलेरियाच्या डासांविरुद्ध त्यांच्यातल्याच एका जातीचा प्रयोग झाला होता. मग बाहेरचा मासा व्हाळात कशाला?

आता मी प्रत्येक पिलू वाचवत नाही. हे ऐकून काहींना वाईट वाटतं, पण टाकीत जावा मॉसचा (पाण्यात वाढणाऱ्या शेवाळासारख्या वनस्पतीचा) एक दाट गुच्छा ठेवते, त्यात लपून जी जगतात ती जगतात, बाकीची मोठ्यांच्या पोटात जातात. पिलांसाठी वेगळी जाळी लावणं मी बंद केलं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पोटाखालचा पर बघायचा: नराचा काडीसारखा टोकदार होतो, मादीचा पंख्यासारखा राहतो. तेव्हाच नर वेगळ्या टाकीत. नुसते नर ठेवले तरी टाकी रंगांनी भरून जाते. आणि दर काही पिढ्यांनी दुसऱ्या पाळणाऱ्याशी नर बदलून घ्यावा, नाहीतर नात्यातल्या नात्यात वीण होऊन वाकड्या पाठीची पिलं दिसू लागतात.

आमच्याकडे जांभ्या दगडातलं विहिरीचं पाणी मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं असतं, गप्पी-मोलीला थोडं जड पाणी मानवतं. म्हणून तिसऱ्यांची (खाण्याच्या शिंपल्यांची) कवचं उकळून, घासून फिल्टरमध्ये टाकते. माशांची तब्येत सुधारलेली डोळ्यांना दिसली.

देताना मी आता विचारते: टाकी केवढी, फिल्टर आहे का, चवथीला घर बंद राहतं का? वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टसाठी कोणी मागितली तर सरळ नाही म्हणते. पिशवीतल्या माशाला घरी नेऊन बरणीत टाकणाऱ्या आईबापांचाही राग येतो, मुलांचा नाही. सांभाळायला जमेनासं झालं तर मासे परत माझ्याकडे आणायचे, हे कबूल करूनच देते. आजवर तिघांनी आणून दिले, तिघांचेही घेतले.

सध्या अठरा नर तयार आहेत, निळ्या शेपटीचे. माद्या कोणालाही देणार नाही. डिचोली, म्हापसा, फोंडा इथल्या कोणाकडे चालू असलेली, महिनाभर तरी जुनी टाकी असेल तर तिचा फोटो टाकून मेसेज करा. आदल्या दिवशी मी त्यांना उपाशी ठेवीन, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा भरून देईन. घरी गेल्यावर पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मगच सोडा.